वेगमर्यादेच्या दंडाला न्यायालयात आव्हान: यंत्राचा आकडा कधी टिकतो, कधी टिकत नाही

वेगमर्यादा ओलांडल्याची नोटीस हातात पडली की बहुतेक वाहनचालकांच्या मनात पहिल्यांदा येते ते ‘मी इतक्या वेगात नव्हतोच’ हे वाक्य. न्यायालयात या वाक्याला फारशी किंमत मिळत नाही, कारण ते आरोपीने स्वतःच्या बाजूने केलेले विधान असते आणि त्याच्यासमोर एका यंत्राने नोंदवलेला आकडा उभा असतो. मात्र तो आकडाही आपोआप पुरावा ठरत नाही. तो कोणत्या यंत्राने नोंदवला, ते यंत्र चालवणाऱ्याला त्याचे शिक्षण होते का, यंत्राची पडताळणी शेवटची कधी झाली, नोंदवलेला वेग याच वाहनाचा होता का, आणि त्या जागी ती मर्यादा कायदेशीरपणे लागू होती का, या प्रश्नांची उत्तरे त्या आकड्याला आधार देतात. दंडाला आव्हान देणे म्हणजे यांपैकी एखादा आधार कच्चा आहे हे दाखवणे. वेग कमी होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी सहसा चालकावर नसते. तो जास्त होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्या पक्षावर असते.

आधी न चालणारे बचाव बाजूला काढलेले बरे. ‘घाई होती’, ‘रस्ता मोकळा होता’, ‘सगळेच त्याच वेगाने जात होते’ ही कारणे ऐकून न्यायाधीश फार तर दंडाच्या रकमेत थोडी सवलत देईल, निर्दोष मात्र ठरवणार नाही. बहुतेक देशांच्या कायद्यात वेगमर्यादेचा भंग हा हेतू न पाहता सिद्ध होणारा अपराध आहे; चालकाच्या मनात काय होते याचा विचार त्यात येत नाही, मर्यादा ओलांडली गेली की नाही एवढेच पाहिले जाते. जीव वाचवण्यासाठी वेग वाढवावा लागला, हा बचाव काही ठिकाणी मान्य होतो, पण त्याची चौकट फार अरुंद आहे. ‘माझ्या स्पीडोमीटरवर कमी वेग दिसत होता’ हा बचाव तर अनेकदा उलटतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलीतील ३९ क्रमांकाच्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नसतो. जास्त दाखवला तर दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटर एवढी मुभा असते. म्हणजे नियमानुसार बनवलेल्या आणि मूळ मापाचे टायर असलेल्या गाडीचा काटा प्रत्यक्षाहून पुढेच असतो. काटा कमी दाखवत होता असे चालकाने सांगितले, तर गाडीत बदल करून ती चालवल्याची कबुलीच तो देऊन बसतो.

आता नोटिशीकडे. ती नीट वाचणे हे कंटाळवाणे पण सर्वांत फायद्याचे काम आहे. वाहनाचा क्रमांक, प्रकार, रंग, ठिकाण, दिशा, वेळ, नोंदवलेला वेग, लागू मर्यादा आणि ज्या कलमाखाली आरोप ठेवला ते कलम, एवढ्या गोष्टी एकेक करून तपासाव्यात. नावातील एखादे अक्षर चुकले म्हणून प्रकरण रद्द होते, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो जवळजवळ सर्वत्र चुकीचा आहे. अशी चूक न्यायालय जागच्या जागी दुरुस्त करून घेते. परंतु छायाचित्रातील गाडी वेगळ्या बनावटीची असेल आणि कोणीतरी तोच क्रमांक बनावट पाटीवर लावून फिरत असेल, तर तो मूळ आरोपालाच धक्का असतो. नोटीस ठरलेल्या मुदतीत निघाली का हेही पाहावे. इंग्लंडमध्ये नोंदणीकृत मालकापर्यंत ती १४ दिवसांत पोहोचावी लागते, इटलीत ही मुदत ९० दिवसांची आहे, आणि भारतात इलेक्ट्रॉनिक देखरेखीसाठी २०२१ साली जे नियम केले गेले त्यांत १५ दिवसांची मुदत घातली गेली. दंड भरून टाकणे म्हणजे अनेक ठिकाणी अपराध मान्य करणे होय, त्यामुळे आधी भरून मग लढू हा विचार मनात असेल तर भरण्यापूर्वी तिथला नियम वाचलेला बरा.

गाडी कोण चालवत होते, हा प्रश्न दिसतो तेवढा सरळ नाही. नेदरलँड्समध्ये अशा किरकोळ भंगाचा दंड थेट नोंदणीकृत मालकावर बसतो. जर्मनीत मात्र प्रत्यक्ष चालकाची ओळख पटवावी लागते, म्हणून तिथले कॅमेरे समोरून चेहऱ्याचे छायाचित्र घेतात आणि अंधुक चेहऱ्यावर बरीच प्रकरणे अडतात. इंग्लंडमध्ये चालकाचे नाव कळवणे हे मालकाचे कर्तव्य आहे आणि ते न कळवणे हा स्वतंत्र अपराध आहे. वेगाच्या नेहमीच्या अपराधाला परवान्यावर तीन दंडगुण, म्हणजे अपराधाची नोंद म्हणून चढणारे गुण, लागतात, तर नाव दडवण्याला सहा. गप्प राहणे हा बचाव समजणाऱ्याला तो दुप्पट महाग पडतो.

यानंतर कागद मागवायचे. यंत्राची बनावट आणि अनुक्रमांक, शेवटच्या पडताळणीचे प्रमाणपत्र, त्या दिवशीच्या चाचणीची नोंद, यंत्र चालवणाऱ्याचे प्रशिक्षण, मूळ छायाचित्रे किंवा चित्रफीत आणि वेगमर्यादेचा आदेश यांची लेखी मागणी सुनावणीच्या पुरेशी आधी करावी आणि त्या मागणीची पोच जपून ठेवावी. हे कागद मागण्याचा हक्क किती, यावर मोठ्या न्यायालयांत बराच खल झाला आहे. इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने २०१५ साली ११३ क्रमांकाच्या निकालात, वेग मोजणाऱ्या यंत्रांची ठरावीक काळाने तपासणी बंधनकारक न करणारी तरतूद घटनाबाह्य ठरवली. एकदा मंजूर झालेले यंत्र कायम बरोबरच मोजते असे गृहीत धरता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये, प्रकरणाच्या फायलीत नसलेली पण अधिकाऱ्यांकडे असलेली मोजमापाची माहिती मागण्याचा चालकाचा हक्क मान्य केला.

जर्मनीचाच आणखी एक निर्णय या विषयाच्या मुळाशी नेणारा आहे. तिथल्या सर्वोच्च फौजदारी न्यायपीठाने १९९३ साली असे ठरवले की मान्यताप्राप्त यंत्राने ठरलेल्या पद्धतीने घेतलेले मोजमाप असेल, तर निकालात पद्धतीचे नाव आणि मोजमापातल्या संभाव्य चुकीपोटी आकड्यातून वजा केलेली सूट एवढे लिहिणे न्यायाधीशाला पुरेसे आहे; विशिष्ट चुकीची ठोस शंका पुढे आली तरच त्याने खोलात जावे. ‘यंत्रे चुकू शकतात’ हे वाक्य म्हणूनच कोणत्याही न्यायालयात हवेत विरते. हे यंत्र, या जागी, या कारणाने चुकले असण्याचा संभव आहे, असे म्हणता यायला हवे. त्यासाठी यंत्र काम कसे करते हे थोडे समजून घ्यावे लागते.

सर्वांत जुनी पद्धत नुसत्या नजरेची. तिच्याविषयी ब्रिटनच्या १९८४ च्या रस्ते वाहतूक नियमन कायद्याच्या कलम ८९ मध्ये आणि भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये जवळपास सारखीच अट आहे: ‘माझ्या मते वेग जास्त होता’ एवढ्या एकाच साक्षीदाराच्या मतावर कोणालाही दोषी ठरवता येत नाही. भारतीय कलमात पुढे, ते मत यंत्राच्या साहाय्याने बांधलेले असेल तर गोष्ट वेगळी, अशी पुस्ती आहे. दुसरी पद्धत पाठलागाची. १८९६ साली इंग्लंडमधील केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड यांना वस्तीतील ताशी दोन मैलांच्या मर्यादेत आठ मैलांच्या वेगाने गाडी हाकल्याबद्दल एक शिलिंग दंड झाला, तेव्हा हवालदाराने त्यांना सायकलवरून पाठलाग करून गाठले होते. आजही गस्तीची गाडी मागे ठेवून वेग मोजतात, आणि त्यातली कच्ची जागा तीच आहे: अंतर गाठण्यासाठी गस्तीच्या गाडीला पुढच्या गाडीपेक्षा जास्त वेगाने जावेच लागते. म्हणून अंतर स्थिर ठेवून काटा वाचला होता का, किती अंतरापर्यंत, आणि त्या काट्याची पडताळणी झाली होती का, हे तीन प्रश्न विचारायचे असतात.

रडार गन अधिक खोलात जाऊन पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यातली बहुतेक भांडणे एका साध्या गोष्टीतून उगवतात: तिला वेग कळतो, गाडी कळत नाही. गनमधून निघालेली रेडिओलहर येणाऱ्या वाहनावर आपटून परतते तेव्हा तिची वारंवारता किंचित वाढलेली असते. २४.१५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या गनमध्ये ही वाढ ताशी प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे ४५ हर्ट्झ, म्हणजे ताशी १०० किलोमीटरला सुमारे ४,४७५ हर्ट्झ होते. हा आकडा माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात आहे, म्हणून पुष्कळ गनना लहानसा स्पीकर असतो आणि प्रशिक्षित अंमलदार पडद्याबरोबर सुरावरही लक्ष ठेवतो. एकच गाडी असेल तर सूर स्वच्छ आणि सलग येतो, दोन-तीन गाड्या मिसळल्या तर तो खरखरीत आणि तुटक होतो. गनची चाचणीही सुरानेच होते. ठरावीक कंपनांचा धातूचा चिमटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, टोला देऊन गनसमोर धरतात. सेकंदाला सुमारे २,२४० कंपने करणाऱ्या चिमट्यासमोर अशा गनने ताशी ५० दाखवायला हवेत. त्या दिवशी गस्तीच्या आधी आणि नंतर ही चाचणी झाली का, आणि तिची नोंद कुठे आहे, हा उलटतपासणीतला अगदी नेहमीचा आणि अजूनही उपयोगी पडणारा प्रश्न आहे.

रडारची शलाका रुंद असते. तिचा कोन १२ अंशांचा धरला तर ३०० मीटरवर ती सुमारे ६३ मीटर पसरते, म्हणजे रस्त्याच्या साऱ्या मार्गिका तिच्यात येतात. पुढे लहान गाडी आणि मागून वेगाने येणारा मोठा ट्रक असेल, तर ट्रकचा प्रतिध्वनी अधिक जोरदार असल्याने पडद्यावर ट्रकचा वेग येऊ शकतो आणि दंड लहान गाडीला लागू शकतो. अमेरिकेत या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली डॅन्टोनिओ प्रकरणात रडारचे विज्ञान मान्य केले, प्रत्येक खटल्यात तज्ज्ञाला बोलावण्याची गरज काढून टाकली, पण ते विशिष्ट यंत्र ठीक होते हे दाखवण्याची अट कायम ठेवली. पुढे १९७९ साली मायामीत एका दूरचित्रवाणी वार्तेत रडारने ताडाच्या झाडाचा वेग ताशी ८६ मैल आणि एका घराचा २८ मैल नोंदवलेला लोकांनी पाहिला, आणि तिथल्या न्यायालयाने त्याच वर्षी समोर आलेल्या खटल्यांतील रडारचा पुरावा नाकारला. ही कथा सांगितली की श्रोते हसतात, आणि मग आपल्या प्रकरणातही हेच झाले असणार असे धरून चालतात. ते चूक आहे, कारण त्यानंतरच्या यंत्रांत आणि मानकांत पुष्कळ सुधारणा झाली. गाड्यांचा घोळका, जवळची मोठी वाहने किंवा वीजवाहिन्या यांपैकी काही आपल्या प्रकरणात प्रत्यक्ष होते, हे दाखवता आले तरच त्या कथेचा उपयोग.

कोनाचा मुद्दाही असाच अर्धवट ऐकून मांडला जातो. गन रस्त्याच्या कडेला तिरपी धरलेली असते, म्हणून ती खऱ्या वेगाचा काही भागच पाहते. २० अंशांच्या कोनात ताशी १०० च्या जागी सुमारे ९४ दिसतात. उभ्या गनमध्ये हा दोष चालकाच्या फायद्याचा आहे, तेव्हा त्याची तक्रार करण्यात अर्थ नाही. गस्तीची गाडी स्वतः चालत असेल तेव्हा मात्र गणित फिरते. समोरून येणाऱ्या गाडीचा वेग काढताना यंत्र दोघांच्या जवळ येण्याच्या वेगातून गस्तीच्या गाडीचा वेग वजा करते, आणि हा स्वतःचा वेग ते जमिनीवरून परतणाऱ्या लहरीवरून ओळखते. गस्तीची गाडी ताशी ८० आणि समोरची ९० ने येत असेल तर बेरीज १७०. पण गस्तीच्या गाडीपुढे ताशी १० ने रांगणारा मोठा ट्रक असेल आणि यंत्राने जमिनीऐवजी त्या ट्रकचा प्रतिध्वनी धरला, तर त्याला स्वतःचा वेग ७० वाटतो, आणि १७० तून ७० गेले की समोरच्या निरपराध चालकाच्या नावावर ताशी १०० लागतात. त्या क्षणी गस्तीच्या गाडीच्या स्वतःच्या काट्यावर काय होते, हा प्रश्न अशा खटल्यात निर्णायक ठरू शकतो.

लेझर गनची शलाका अरुंद असते, त्यामुळे कोणती गाडी हा वाद मागे पडतो. तिची उणीव नेम हलण्यात आहे. ती प्रकाशाच्या ठोक्यांनी अंतर पुन्हा पुन्हा मोजते आणि अंतर किती लवकर घटते त्यावरून वेग काढते. मोजणी चालू असतानाच्या ०.३ सेकंदात नेम काचेवरून बॉनेटवर घसरत पुढच्या क्रमांकाच्या पाटीवर आला, तर गाडी न हलताही अंतर दीड मीटर कमी झाल्यासारखे दिसते, आणि दीड मीटर भागिले ०.३ सेकंद म्हणजे ताशी १८ किलोमीटरची खोटी भर. बरीच यंत्रे अशी वेडीवाकडी मोजमापे स्वतःच नाकारतात हे मान्य करून हा मुद्दा मांडावा. हात थरथरण्याजोगे मोठे अंतर होते, तिवई नव्हती, अशी काही साथ असेल तर त्याला वजन येते.

स्थिर कॅमेऱ्यांच्या प्रकरणात चालकाच्या हाती एक खास साधन असते. अनेक ठिकाणी हा कॅमेरा ठरावीक अंतराने दोन छायाचित्रे घेतो आणि रस्त्यावर मोजपट्टीसारख्या पांढऱ्या रेघा असतात. दोन छायाचित्रांत अर्ध्या सेकंदाचे अंतर असेल आणि तेवढ्यात चाक ११ मीटर पुढे गेलेले दिसत असेल, तर वेग सेकंदाला २२ मीटर, म्हणजे ताशी ७९.२ किलोमीटर. कागद, पट्टी आणि पाच मिनिटे एवढेच लागते. नोटिशीवरचा आकडा आणि हे उत्तर यांत लक्षणीय फरक असेल तर बचाव तयार आहे. नसेल तर लढणे थांबवण्याचे तेही चांगले कारण आहे. सरासरी वेग मोजणाऱ्या दोन कॅमेऱ्यांच्या पद्धतीत घड्याळावर शंका घेण्याआधी असाच हिशेब करावा: दहा किलोमीटर पाच मिनिटांत काटले तर ताशी १२०, आणि घड्याळात एक सेकंदाची चूक धरली तरी फरक ताशी ०.४ किलोमीटरचा. हीच एक सेकंदाची चूक अर्ध्या किलोमीटरच्या टप्प्यात ताशी ६० ला दोन किलोमीटर फिरवते, म्हणजे टप्पा आखूड असेल तेव्हाच हा मुद्दा काढावा.

मोजमापात काही सूट आधीच वजा केलेली असते हेही ध्यानात असू द्यावे. जर्मनीत ताशी १०० च्या आत बहुधा ३ किलोमीटर आणि त्यापुढे ३ टक्के वजा करून मगच आरोप ठेवतात. मर्यादा दाखवणाऱ्या फलकांचे महत्त्वही कमी नाही: ब्रिटिश कायद्यात फलकांनीच लागू होणारी मर्यादा नियमानुसार दर्शवलेली नसेल तर दोषी ठरवता येत नाही. फलक झाडाने झाकला होता असे म्हणायचे असेल तर त्याच आठवड्यात, त्याच दिशेने, चालकाच्या उंचीवरून छायाचित्रे घ्यावीत. सहा महिन्यांनी फांदी छाटलेली असते.

सुनावणीचा दिवस बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा छोटा असतो. सरकारी पक्ष साक्षीदार उभा करतो, त्याची साक्ष होते, मग उलटतपासणी. इथे लांब भाषण करण्याचा मोह आवरावा. ‘तुम्ही खोटे बोलत आहात’ असे अंमलदाराला म्हणण्याने न्यायाधीश त्याच्याच बाजूला झुकतो. त्याऐवजी शांतपणे विचारलेले लहान प्रश्न काम करतात. गाडी पहिल्यांदा दिसली तेव्हा किती अंतरावर होती? आकडा येण्याआधी आपण नजरेने वेगाचा अंदाज केला होता का, आणि तो किती होता? तेव्हा दुसरी वाहने किती होती? चाचणी किती वाजता केली? वहीत लिहिलेला यंत्राचा अनुक्रमांक आणि प्रमाणपत्रावरचा अनुक्रमांक एकच आहे का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधीच कागदांत पाहिलेले असावे, कारण ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक नाही असा प्रश्न उलटतपासणीत विचारणे म्हणजे सरकारी पक्षाला राहिलेली उणीव भरून काढण्याची संधी देणे.

खर्चाचा हिशेब भावनेच्या भरात राहून जातो. इंग्लंडमध्ये ठरीव दंड १०० पौंडांचा आहे, न्यायालयात हरल्यास तो १,००० पौंडांपर्यंत आणि मोटारवेवर, म्हणजे द्रुतगती महामार्गावर, २,५०० पर्यंत जाऊ शकतो, शिवाय समोरच्या बाजूचा खर्च वेगळा. माझ्या मते रक्कम लहान, परवान्यावर परिणाम नाही आणि हाती ठोस मुद्दा नाही, अशा वेळी भरून मोकळे होणे शहाणपणाचे. परवाना किंवा उपजीविका पणाला लागली असेल तर मात्र कागद मागवून पाहिल्याशिवाय काहीही कबूल करू नये. कागद पाहिल्यावर आकडा पक्का निघाला, तर सुनावणीपूर्वी अपराध मान्य करण्याची वाट बऱ्याच ठिकाणी खुली असते आणि तिथे शिक्षेत काही सवलतही मिळते.

निकाल विरोधात गेला तर वरच्या न्यायालयात जाता येते, पण त्याची मुदत बहुधा थोड्या आठवड्यांचीच असते आणि वरचे न्यायालय अनेक ठिकाणी पुरावा नव्याने ऐकत नाही. खाली नोंदीवर जे आले तेवढेच वाचते. पडताळणीची मुदत संपलेले प्रमाणपत्र चालकाच्या फायलीत असून उपयोग नाही. ते पहिल्याच सुनावणीत न्यायालयापुढे दाखल करून, त्यावर पुराव्याचा क्रमांक पडला आहे ना हे पाहूनच खाली बसावे.